सर्वांच्या हातांचे घर



नोव्हेंबरच्या ९ तारखेला ख्रिस्तसभा एका इमारतीचा सण साजरा करते. रोममधील लॅटरन बॅसिलिकेच्या समर्पणाचा हा सण. पुष्कळांना वाटते की पोपमहाशयांचे मुख्य मंदिर म्हणजे सेंट पीटर्स. प्रत्यक्षात रोमचे बिशप या नात्याने त्यांचे कॅथेड्रल लॅटरन हे आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने दिलेल्या जागेवर ते उभे राहिले आणि चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे समर्पण झाले. त्यापूर्वी जवळजवळ तीनशे वर्षे ख्रिस्ती लोक एकमेकांच्या घरी जमत, भाकर मोडीत, प्रार्थना करीत आणि प्रसंगी छळ सोशीत.

दगड-विटांचा सण कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर त्या दिवशीच्या वाचनातच आहे. संत पौल करिंथच्या मंडळीला आठवण करून देतो की देवाची इमारत तुम्हीच आहात. पाया येशू ख्रिस्ताचा घातलेला आहे. त्यावर आपण कसे बांधतो याकडे मात्र प्रत्येकाने लक्ष द्यायचे आहे (१ करिंथ ३). म्हणून या सणाच्या निमित्ताने आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू या. घर कोणी बांधले? कसे बांधले? आणि कोणासाठी बांधले?

या प्रश्नांची उत्तरे शोधायला रोमपर्यंत जायला नको. आपल्या विदर्भातच लाकडाच्या एका घराची गोष्ट घडली आहे. ती आज आपण ऐकू या.

मेंढ्याचे गोटुल

नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करीत गडचिरोली गाठावी आणि तेथून धानोऱ्याच्या रस्त्याला लागावे. त्या रस्त्यावर लेखा गावाजवळ मेंढा नावाचे एक लहान गाव आहे. मेंढा-लेखा या जोडनावाने ते देशभर ओळखले जाते. वस्ती गोंडांची, आणि भोवती सागाचे व बांबूचे दाट जंगल.

गोंड समाजात गोटुल नावाची एक जुनी प्रथा आहे. गोटुल म्हणजे गावाचे सामाईक घर. गावातली तरुण मुले-मुली तेथे जमत. थोरांच्या देखरेखीखाली गाणी, नाच, गोष्टी, शेती आणि जंगलाचे ज्ञान, चारचौघांत कसे वागावे याचे नियम, हे सारे तेथे शिकत. बाहेरच्या लोकांनी गोटुलविषयी पुष्कळ लिहिले. काहींनी आदराने, तर काहींनी नुसत्या चवचाल कुतूहलाने. त्या नजरेला लाजून अनेक गावांनी आपली गोटुले मोडू दिली. मुलांना शाळेत घालताना जुन्या शाळेची आठवणही नकोशी झाली.

१९८० च्या दशकात गडचिरोली आणि बस्तरच्या जंगलपट्ट्यात मोठ्या धरणांच्या विरोधात लोक उभे राहिले. धरणे झाली असती तर गावे आणि जंगले पाण्याखाली गेली असती. त्या लढ्यातून मेंढ्याचे लोक एक गोष्ट शिकून आले. कोणी बाहेरचा येऊन आपले भले करील याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपण एकत्र बसावे, विचार करावा आणि आपले काम आपण करावे. गावातील देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या वाटचालीशी कायमची जोडली गेली आहेत.

अशा एकत्र बसण्यातून गोटुल पुन्हा उभे करण्याचा विचार निघाला. गोटुल परंपरेप्रमाणे लाकडाचे हवे. जंगल तर दाराशी होते, बापजाद्यांनी राखलेले होते. पण कायद्याच्या दृष्टीने ते सरकारचे होते आणि सागाला परवानगीवाचून हात लावता येत नव्हता. गावाने आपल्या हातांनी लाकूड आणले आणि गोटुल उभे केले. वन खात्याने ते पाडून टाकले.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबा. आपण राबून उभे केलेले घर डोळ्यांदेखत मोडले जाते, तेव्हा माणसाला दोनच वाटा दिसतात. हात उचलावा, नाहीतर मान खाली घालून घरी जावे. मेंढ्याच्या लोकांनी तिसरी वाट काढली. आसपासच्या गावांचे लोक जमले. मेंढ्याचे एक गोटुल पाडले ना, मग आम्ही आमच्याही गावांत गोटुल बांधू, असे त्यांनी ठरवले आणि तसे बांधूही लागले. एक घर पाडता येते. गावोगाव उभी राहणारी घरे किती पाडणार? खाते मागे हटले आणि मेंढ्याचे गोटुल पुन्हा उभे राहिले.

त्या घरात मग काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. गावाच्या सभेने बहुमताने निर्णय घेणे सोडून दिले. सर्वांची संमती होईपर्यंत बोलत राहायचे, अशी रीत ठेवली. एकाचे जरी मन मानत नसेल तरी त्याचे म्हणणे ऐकायचे आणि पुन्हा बसायचे. स्त्रिया सभेत बसू-बोलू लागल्या. दारूबंदीचा निर्णय झाला. अभ्यासगट सुरू झाले. कायदा काय म्हणतो, जंगल कसे राखावे, बांबू कधी आणि किती तोडावा, यावर गावकरी स्वतः अभ्यास करू लागले. देशाने २००६ साली वनहक्क कायदा केला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१३ साली गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला. ज्याची त्याची शेती होती ती ग्रामसभेच्या नावे झाली, जेणेकरून अडीनडीला कोणाची जमीन गावाबाहेर विकली जाऊ नये.

यात क्रम पाहा. आधी माणसे एकत्र बसली. मग त्यांनी हातांनी घर बांधले. कायद्याने दिलेला हक्क त्यानंतर वीसेक वर्षांनी आला. हक्क आला तेव्हा तो पेलायला समाज तयार होता, कारण तो आधीच एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला होता.

मेंढा म्हणजे स्वर्ग आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. तेथेही माणसेच राहतात आणि माणसांत असणारे हेवेदावे तेथेही असणार. पण देव आपल्याला शिकवण्यासाठी जेव्हा आपल्या कुंपणाबाहेरचा माणूस उभा करतो, तेव्हा डोळे मिटून घेणे बरे नाही. प्रभू येशूनेसुद्धा शेजारी कोण हे सांगताना शमरोनी माणसाचे उदाहरण दिले.

आपले जुने देणे

नागपूरकरांनी तर ही गोष्ट विशेष आदराने ऐकावी. हे शहर देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी वसवले. आपण ज्या रस्त्यांनी मिस्सेला येतो त्या शहराचा पहिला यजमान गोंड आहे.

आणखी एक नाव आपल्या ओळखीचे आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. ते आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, पण त्यांच्या नावाच्या कॉलेजात आपल्यापैकी कित्येकांची मुले शिकली आहेत. या माणसाने गोंडांमध्ये बसून त्यांची गाणी आणि लिंगोची गाथा ऐकली व लिहून घेतली. १८६३ साली रात्रीच्या वेळी पुराचा नाला ओलांडताना ते बुडून गेले. त्यांचे टिपण पुढे १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. परक्या देशातून शिकवायला आलेला माणूस आधी ऐकायला बसला, हे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात लिहिले की आदिवासी समाजांना जमीन ही विकत घेण्याची वस्तू वाटत नाही, देवाचे आणि पूर्वजांचे देणे वाटते. म्हणून त्यांच्या भूमीविषयी काही ठरवताना त्यांच्याशीच प्रथम बोलले पाहिजे.

नहेम्याची नावांची यादी

आता पवित्र शास्त्राकडे वळू या. जुन्या करारात नहेम्याचा ग्रंथ आहे. नहेम्या हा पारसच्या राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमची तटबंदी पडली आहे, वेशी जळाल्या आहेत, हे ऐकून तो रडला, उपास केला आणि राजाची परवानगी काढून यरुशलेमला आला. त्याच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय आपण बहुधा वाचत नाही. त्यात नुसती नावे आहेत. अमक्याने इतका भाग बांधला, त्याच्या शेजारी तमक्याने बांधला. आपण कंटाळून पान उलटतो.

पण ती यादी सावकाश वाचा. सर्वांत पहिले नाव मुख्य याजकाचे आहे. त्याने आणि त्याच्या भाऊबंद याजकांनी मेंढरांची वेस बांधली. धर्मगुरूंनी आशीर्वाद दिला आणि बाकीच्यांनी दगड उचलले, असे तेथे झाले नाही. पुढे सोनार आहेत. सुगंधी द्रव्ये करणारा आहे. व्यापारी आहेत. ज्यांचा गवंडीकामाशी जन्मात संबंध आला नव्हता, अशी ही माणसे. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याच्या मुली बापाबरोबर काम करीत होत्या, हेही आवर्जून लिहिले आहे. कित्येकांविषयी म्हटले आहे की त्यांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. ज्याचे घर तटाला लागून, तो आपल्या घरासमोरचे काम वाईट कसे करील?

त्याच यादीत एक दुखरी ओळ आहे. तकोवा गावच्या लोकांनी भिंत बांधली, पण त्यांच्यातल्या प्रतिष्ठितांनी कामाला मान वाकवली नाही. काही ओळी पुढे गेल्यावर कळते की तकोव्याच्या त्याच साध्या लोकांनी आपला भाग संपवून आणखी एक भाग बांधला. मोठ्यांनी न केलेले काम लहानांनी दुप्पट केले. अडीच हजार वर्षे झाली, तरी दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत.

बाहेरून थट्टा झाली. यांची भिंत कोल्हा चढला तरी पडेल, असे शत्रू म्हणाले. मग हल्ल्याची भीती आली, तेव्हा एका हाताने काम आणि दुसऱ्या हाती शस्त्र, अशी वेळ आली. पण खरे संकट पाचव्या अध्यायात आहे आणि ते आतले आहे. भिंतीवर राबणारे गरीब लोक ओरडू लागले की आम्ही येथे दगड उचलतो आहोत आणि आमचेच भाऊ आमची शेते गहाण ठेवून घेत आहेत, आमची मुले-मुली गुलामीत जात आहेत. नहेम्या संतापला. त्याने सभा बोलावली आणि सावकारांना सर्वांसमक्ष शेते, घरे आणि व्याज परत करायला लावले. त्याला कळले होते की शेजाऱ्याचे घर लुटणाऱ्याच्या हातचा दगड भिंतीत टिकणार नाही.

बावन्न दिवसांत तटबंदी पुरी झाली.

शलमोनाचे बिगारी

आता याच्याशी दुसरे एक बांधकाम ताडून पाहा. शलमोन राजाने यरुशलेममध्ये देवाचे मंदिर बांधले. लबानोनचे गंधसरू, घडीव दगड, सोन्याचा मुलामा. इतके सुंदर मंदिर त्या देशाने पाहिले नव्हते. पण राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात लिहिले आहे की लाकूड आणण्यासाठी राजाने तीस हजार इस्राएली माणसे वेठीला धरली. दर महिन्याला दहा हजार लबानोनात पाठवले जात. एक महिना तेथे आणि दोन महिने घरी.

त्याचे पुढे काय झाले? शलमोन वारला. लोक त्याच्या मुलाकडे आले आणि म्हणाले की तुझ्या बापाने आमच्यावर जड जू ठेवले, ते हलके कर. मुलाने ऐकले नाही. त्याने बिगाऱ्यांवरच्या मुकादमालाच बोलणी करायला पाठवले. लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले आणि राज्य दुभंगले (१ राजे १२). मंदिर उभे राहिले, पण ते बांधणारे लोक एक राहिले नाहीत.

याउलट निर्गमाच्या ग्रंथात रानातल्या निवासमंडपाची कथा आहे. तेथे ज्याला मनापासून वाटेल त्याने आणावे, एवढेच सांगितले होते. स्त्रियांनी सूत कातून आणले. इतके सामान जमले की मोशेला दवंडी पिटवून लोकांना थांबवावे लागले. तंबूच तो, आज येथे तर उद्या तेथे. पण त्यात प्रत्येकाचे काही ना काही विणलेले होते.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामात कोणी कोणाला वेठीला धरीत नाही. आपली अडचण निराळी आहे. आपण कामच दुसऱ्याकडे सोपवतो, पैसे देतो आणि मोकळे होतो.

आपला नाताळचा गोठा

हे दुसऱ्या कोणाला उद्देशून नाही. आम्ही स्वतःपासूनच सुरुवात करतो.

आपल्यापैकी वयस्करांना आठवत असेल, पूर्वी नाताळचा गोठा आपणच बांधत होतो. आगमन काळ सुरू झाला की तरुण मुले बांबू आणायची. कोणी तणस मिळवायचे, कोणी बारदान. बारदानाला रंग लावून डोंगर व्हायचा. बायका घरी लहान टोपल्यांत गहू पेरायच्या. नाताळापर्यंत हिरवेगार पाते वर यायचे आणि ते गोठ्याभोवती मांडले जायचे. छप्पर एका बाजूला कलायचे. संत जोसेफचा पुतळा नेहमी जरा मोठा आणि गाय जरा लहान असायची. दररोज संध्याकाळी भांडणे व्हायची, आणि भांडणाऱ्यांना कोणीतरी चहा आणून द्यायचे.

मग आपल्या सर्वांना वेळ मिळेनासा झाला. आम्हीच सुचवले की डेकोरेशनवाल्याला सांगू. त्याने काम चोख केले. गोठा सुबक होता, दिवे लुकलुकत होते, छप्पर सरळ होते. नाताळच्या रात्री सगळ्यांनी त्यापुढे उभे राहून मोबाइलवर फोटो काढले आणि घरी गेले. त्याला आपण सोयीचे म्हटले आणि दरवर्षी तसेच करू लागलो. दोष त्या डेकोरेशनवाल्याचा नाही. दोष आमचा आहे.

आपल्या धर्मग्रामात एक सुतारकाका आहेत. आयुष्यभर त्यांनी दारे-खिडक्या केल्या. पूर्वीचे गोठे त्यांच्या हाताखाली उभे राहत. मध्यंतरी ते रविवारी दिसेनासे झाले. आम्ही त्यांच्या घरी गेलो, म्हटले, "काका, हल्ली येत नाही तुम्ही?" थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पावतीबुक घेऊन येतात जी घरी. हात मागाले कोणीच येत नाही."

तेव्हापासून हे वाक्य आमची पाठ सोडत नाही. आपण त्यांच्याकडून वर्गणी घेत होतो, म्हणून त्यांना आपल्यातलेच समजत होतो. पण त्यांच्यापाशी द्यायला जे खरे होते, ते मागायचे आपण विसरलो. शंभर रुपये कोणीही देऊ शकतो. सरळ लाकूड आणि वाकडे लाकूड यांचा मेळ घालणे त्यांनाच येते. आणि आपला प्रभू नासरेथात त्याच कामावर वाढला. गावचे लोक त्याला सुतार म्हणूनच ओळखत होते, आणि त्यांनी ते नाक मुरडून म्हटले होते (मार्क ६).

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या मिस्सेला मागच्या बाकांवर काही मुली बसतात. दूरच्या जंगलपट्ट्यातून घरकामासाठी नागपुरात आलेल्या. मिस्सा संपली की त्या लगेच निघतात, कारण मालकांच्या घरी नाश्ता व्हायचा असतो. त्यांच्यातल्या एकीला आम्ही सहज विचारले, तेव्हा कळले की गावाकडे घर शाकारायचे काम तिच्याच घरचे सगळे मिळून करतात. पेंढी कशी बांधायची, खालच्या ओळीवर वरची ओळ कशी बसवायची, म्हणजे पाणी आत येत नाही, हे तिने हाताने हवेत करून दाखवले. आपण ज्या वर्षी छप्पर सरळ हवे म्हणून पैसे दिले, त्या वर्षीही छप्पर बांधणारी आपल्या मागच्या बाकावर बसलेली होती.

आपल्याला येत नाही असे नाही

कोणी म्हणेल, फादर, हे सगळे जुन्या काळाचे. फ्लॅटमध्ये राहणारी माणसे, दोघांच्या नोकऱ्या, मुलांच्या शिकवण्या. कोण बांबू बांधणार? आणि पैसा तरी घामाशिवाय मिळतो का?

हे म्हणणे खोटे नाही. वर्गणी हीसुद्धा मेहनतीचीच असते आणि तिच्यावाचून धर्मग्राम चालत नाही. विधवेने टाकलेल्या दोन टोल्यांचे प्रभूने कौतुक केले, हे आपण विसरत नाही. पण आपल्याला एकत्र राबता येत नाही, हे मात्र खरे नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि आपल्या आजूबाजूच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. त्या दिवशी कोणी पावती फाडली नाही. ज्यांचे घर वर होते त्यांनी खालच्यांना वर घेतले. दुसऱ्या दिवशी चिखल उपसताना कोण डॉक्टर, कोण रिक्षावाला, कोण कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारले नाही. भिजलेल्या गाद्या दोघादोघांनी उचलल्या. वर्षानुवर्षे एका मजल्यावर राहून नावही माहीत नसलेल्या शेजाऱ्यांची ओळख त्या चिखलात झाली.

म्हणजे आपल्या अंगी ते आहे. फक्त आपण ते संकटासाठी राखून ठेवतो. मेंढ्याच्या लोकांनी ते रोजच्या जगण्यासाठी वापरले, म्हणून घर पाडले गेले तेव्हा ते विखुरले नाहीत.

आणि हेही ध्यानात असू द्या. एकत्र बांधणारा समाज कधी कधी आपल्याभोवतीच भिंत बांधून बसतो. आमचे घर, आमचे लोक, बाहेरचा कोण? लॅटरनच्या सणाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू मंदिरातून विक्रेत्यांना आणि सराफांना हुसकावून लावतो (योहान २). पित्याच्या घराचा बाजार झालेला त्याला पाहवला नाही. आणि मग तो अशा एका मंदिराविषयी बोलतो जे मोडले तरी तीन दिवसांत पुन्हा उभे राहील. ते त्याचे शरीर होते. क्रूसाच्या लाकडावर ते मोडले गेले आणि तिसऱ्या दिवशी उठले. त्या शरीराचे अवयव आपण आहोत. म्हणून आपल्या घराचे दार आतून कडी लावण्यासाठी नाही.

यंदा काय करू या

प्रवचन ऐकून मान डोलवणे सोपे असते. म्हणून आम्ही थोड्या गोष्टी तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट. यंदाचा गोठा आपण बांधू. आगमन काळाच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर सर्वांनी थांबावे. गोठा कसा असावा हे पॅरिश कौन्सिल एकटी ठरवणार नाही. सर्वांचे होईपर्यंत बोलू. एखाद्याला पटले नाही तर त्याचे ऐकू. वेळ लागेल, तो लागू दे.

दुसरी गोष्ट. सुतारकाकांनी होकार दिला आहे. ते सांगतील तसे होईल. छपराचे काम मागच्या बाकावरच्या आपल्या बहिणींकडून आपण शिकू. ज्यांच्या घरी त्या काम करतात आणि जे आपल्या धर्मग्रामाचे आहेत, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की त्या रविवारी त्यांना दुपारपर्यंत सुट्टी द्यावी, आणि त्या दिवसाचा पगार कापू नये. नहेम्याचा पाचवा अध्याय येथेच लागू होतो.

तिसरी गोष्ट. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीत बसून सुतळीचे तुकडे करावेत. मुलांनी मातीची मेंढरे करावीत, कशीही झाली तरी ती मांडली जातील. ज्यांना ड्यूटीमुळे येता येत नाही, त्यांनी घरी टोपलीत गहू पेरावा. आणि धर्मगुरूंनी, नहेम्याच्या यादीतल्या मुख्य याजकाप्रमाणे, पहिला बांबू उचलावा. उचलणाऱ्यांच्या नावांची पाटी लावली जाणार नाही. देवाच्या यादीत ती असतील.

चौथी गोष्ट. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर गोठा उतरवला की ते बांबू आणि ताडपत्री कोठीत पडून राहू नयेत. आपल्याच माणसांत ज्यांचे छप्पर पावसाळ्यात गळते, त्यांच्या घरी ते न्यावेत आणि आपणच जाऊन बांधून द्यावेत. बेथलेहेमात ज्याला जागा मिळाली नाही, त्याच्या नावाने बांधलेले छप्पर कोणाच्या तरी डोक्यावर गेले, तर नाताळ खरा झाला म्हणायचा.

छप्पर यंदाही एका बाजूला कलले तर कलू दे. संत पेत्र म्हणतो की आपण जिवंत धोंडे आहोत आणि आपल्यातून आध्यात्मिक मंदिर रचले जात आहे (१ पेत्र २). जिवंत धोंडे हे कारखान्यातल्या विटांसारखे एका मापाचे नसतात. एकमेकांच्या शेजारी बसायला त्यांना थोडे झिजावे लागते. ते झिजणे एकत्र काम करतानाच होते.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू घर बांधले नाहीस तर आमचे राबणे व्यर्थ आहे. तुझ्या पुत्राने नासरेथच्या कामाच्या जागी घाम गाळला आणि कालवारीच्या लाकडावर आमच्यासाठी प्राण दिला. आमच्या हातांना पुन्हा काम दे. ज्यांच्याकडून आम्ही फक्त पैसे मागितले, त्यांची क्षमा मागण्याचे धैर्य आम्हाला दे. जे मागच्या बाकावर बसतात त्यांच्याकडून शिकण्याची नम्रता दे. जंगलात, डोंगरात, वस्त्यांत ज्यांची घरे मोडली जातात, त्यांचा तू आसरा हो, आणि त्यांच्या शेजाऱ्यांना त्यांच्या बाजूने उभे राहण्याचे बळ दे. पवित्र मरिये आणि सुतार संत जोसेफा, आमच्यासाठी विनंती करा, की आमचे हे धर्मग्राम सर्वांच्या हातांचे घर व्हावे. हे मागणे आम्ही आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्याद्वारे करतो. आमेन.